अण्णांच्या जीपचे मागचे पाटे

अण्णांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. जोयड्यातल्या त्यांच्या अंगणात एक जुनी जीप मागून उचलून चिऱ्यांवर ठेवलेली होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. टाचांना भेगा, भेगांत ग्रीस. मी त्या पायांनाच विचारलं, "खोली भाड्यानं द्यायची आहे म्हणे?"

"कोन?" पाय म्हणाले.

"हायस्कुलात नवीन आलेय. विज्ञान शिकवते."

"शिकलाय किती?"

"बीएस्सी."

"कशात?"

"फिजिक्स."

पाय हलायचे थांबले. "म्हंजे तुमास्नी स्प्रिंगा येत्यात?"

"येतात."

"मग खोली तुमची. आता त्यो एकोणीसचा पाना द्या बघू हिकडं."

मला बरं वाटलं, खोटं का बोलू. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा जंगलात लाकूड तोडायला जायचे आणि सहीच्या जागी अंगठा उठवायचे. दांडेलीला राहून मी डिग्री घेतली ती कुणाच्या उपकारावर घेतली नाही. तेव्हा निदान एका घरमालकाला तरी फिजिक्सची किंमत आहे, असं मला वाटलं. आठवड्याभरात कळलं की अण्णांना माझं फिजिक्स ऐकायचं नव्हतं, साक्षीला हवं होतं. अंगणात कुणीही आलं की ते म्हणायचे, "आमच्या टीचर बीएस्सी हायत. इचारा त्यांना, पाटा जाड पायजे का बारीक." आणि मी तोंड उघडायच्या आत, "जाड!" असं स्वतःच सांगून टाकायचे.

पाटे म्हणजे काय ते सांगते. जीपच्या मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा एकावर एक थर असतो. गाडीचा आणि माणसांचा भार तो पेलतो, खड्ड्यातला धक्का तोच खातो. त्या पट्ट्यांना आमच्याकडे पाटे म्हणतात. बाकीची माणसं पाटा मोडला की बदलतात आणि कामाला लागतात. अण्णांचं कामच पाटे बदलणं होतं. शेत कुळं करत होती, तांदूळ घरात येत होता, त्यामुळे हा धंदा त्यांना परवडत होता.

त्यांचं एक वाक्य होतं. "गाडीचं मन मागं असतंय. म्होरचं चाक रस्ता बघतंय, मागचं चाक सोसतंय." हे ते इतक्यांदा म्हणायचे की गावातली पोरं त्यांची नक्कल करायची. माणसाच्या तोंडाकडे त्यांनी क्वचितच पाहिलं असेल. गाडीच्या मागच्या भागाकडे मात्र ते असे बघायचे, की एखादी नवी नवरी लाजली असती. कुणाचीही गाडी उभी दिसली की न विचारता मागं जाऊन तिच्यावर दोन्ही हातांनी दाबायचे. गाडी खाली गेली, वर आली, की मान हलवायचे. तालुका कचेरीसमोर एका साहेबाची सरकारी जीप त्यांनी अशीच दाबली. साहेब आत बसलेले होते, मांडीवरच्या फायलीसकट. "काय चाललंय?" म्हणून ते ओरडले, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा डावा पाटा गेलाय. तुमी वाकडं बसताय त्येचं कारण त्येच हाय."

रामनगरला एका लग्नात तर त्यांनी वरातीची फुलं लावलेली गाडी दाबली. झेंडूच्या माळा तुटल्या. नवरदेवाची आत्या म्हणाली, "कोण हो तुम्ही? मुलीकडचे?" अण्णा म्हणाले, "मी कुणाकडचा न्हाई. ह्या गाडीत नवरा-नवरी दोघं बसली की मागनं घासणार, एवढं सांगून ठिवतो." शेजारी अक्का उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. लाज वाटली म्हणून की हसू आलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना कधीच सरळ उभं राहता यायचं नाही, एवढं मात्र दिसत होतं.

अक्का म्हणजे अण्णांची बायको. आता खरी गोष्ट अक्कांची आहे, पण अण्णांनी ती पाट्यांची करून ठेवली होती.

पडवीच्या खांबाला एका मोठ्या खिळ्यावर एक मोडका पाटा टांगलेला होता, देवाच्या तसबिरीशेजारी. अण्णा तो रोज खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "ह्यो बगा. ह्यानं दगा दिला." झालं होतं असं, की काही वर्षांपूर्वी अक्कांना माहेराहून आणताना रस्त्याखालच्या एका मोरीपाशी जीप खड्ड्यात आदळली, मागच्या बाकावरून अक्का उडाल्या आणि खाली आपटल्या, पाठीवर. पाटा मोडला. मोडका पाटा भंगारात टाकता येतो. पाठ कुठं टाकणार? तेव्हापासून अक्का त्या जीपमध्ये बसल्या नव्हत्या, आणि म्हणून माहेरी गेल्या नव्हत्या. माहेर गुंद गावाच्या पुढं, बसच्या फाट्यावरून आत जंगलातल्या कच्च्या वाटेनं. तिथं त्यांची म्हातारी आई होती.

मी एकदा सरळ विचारलं, "अण्णा, गाडी तेव्हा किती वेगात होती?"

"वेगाचा काय संबंध? पाटा कच्चा हुता."

"खड्ड्यात हळू घातली असती तर अर्धा धक्कासुद्धा बसला नसता. हे पुस्तकात आहे."

ते हसले. "हळू घालायची तर जीप कशाला पायजे, टीचर? दोन बैलं जुंपतो की."

खांबावर पाटा होता. ॲक्सिलरेटरवर ज्याचा पाय होता, तो त्याच खांबाला टेकून बिडी ओढत होता. पण त्याला कुणी खिळ्याला टांगलं नव्हतं.

तर मग अण्णांचा पण असा होता, की अक्का माहेरी जाईल ती ह्याच जीपमधून, आणि ह्या जीपला असे पाटे बसतील की पाण्याचा थेंब हलणार नाही. मी राहायला आले त्याच्या आधीपासून हे चाललं होतं. अक्का त्या अंगणात भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं वाळत घालायच्या. ती जागा जीपनं घेतली. सोलं गेली छपरावर, आणि पाठ धरलेल्या बाईला शिडी चढता येईना, म्हणून ती चढायची मी. घरातलं खोबरेल तेल पाट्यांना लागायचं, कारण ते कुरकुरतात. सगळी जीप करंजीसारखी घमघमायची आणि तिला मुंग्या लागायच्या. गाडीला मुंग्या लागलेल्या मी आयुष्यात तिथंच पाहिल्या.

"अक्का, तुम्ही काही बोलत का नाही?" मी विचारायचे.

"काय बोलू? त्यांचं डोस्कं बी गाडीखालीच हाय. वर आलं की बोलंन."

सुरुवातीला म्हणे त्यांनी पाटे काढून कमी केले, गाडी मऊ व्हावी म्हणून. ती इतकी मऊ झाली की कोंबडी आडवी गेली तरी बूड टेकायची. मग उलटं टोक गाठलं. लाकडं वाहणाऱ्या एका मोडीत काढलेल्या लॉरीचे पाटे आणले, लोहाराकडून कापून घेतले, आणि जीपला बसवले. जीप मागून एवढी उचलली गेली की जणू नमाजाला वाकलीय. रिकामी चालवली तर वाटेतला एकेक खडा मोजून सांगायची. लॉरीचा पाटा टनावारी लाकडासाठी असतो, चार माणसांच्या वजनानं तो लवतसुद्धा नाही. हे सांगायला बीएस्सी लागत नाही, पण माझी होती, म्हणून मी सांगितलं. "भार कमी पडतोय, अण्णा. पाटे काढा."

त्यांनी अर्धंच ऐकलं. भार कमी पडतोय ना? त्यांनी मागं चिरे भरले.

घरं बांधायचे ते तांबडे चिरे, रांगेत लावून, मध्ये पेंढा घालून. आणि सांगायला राग येतो, पण गाडी चालायला लागली. जड भारानं पाटे लवले आणि गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली. माणसं न्यायच्या गाडीत माणसांच्या जागी दगड बसले, हा त्यातला बारीकसा दोष. तोही त्यांनी सोडवला. नियम केला, की जो चढेल त्याच्या वजनाचे चिरे खाली उतरवायचे, आणि तो उतरला की चिरे पुन्हा आत. जोयड्याहून आत जाणाऱ्या माणसांना ते फुकट न्यायचे, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण चढल्यावर.

"अण्णा, माझा एकच चिरा काढा. मी बारीक हाय."

"बारीक? गेल्या बाजारला दोन काढलं हुतं तुझं. उतर खाली."

"ती डाळीची पिशवी हुती वो संगतीला!"

दर थांब्यावर रस्त्याकडेला अण्णांच्या चिऱ्यांचा एकेक ढीग झाला. उतरणाऱ्यानं आपल्या हातानं आपला चिरा उचलून आत ठेवायचा. बाजारातून दमून आलेल्या बायका ओझं उतरवायच्या आणि दगड चढवायच्या, असा हा प्रवास.

आणि मग व्हायचं तेच झालं. अक्कांच्या माहेरच्या फाट्यावर, मोठ्या नाणाच्या झाडाखाली जो ढीग होता, त्याच्यावर एके दिवशी कुणीतरी कुंकू लावलं. का लावलं विचारू नका. आमच्या माणसांना रानात वळणावर रचलेला दगड दिसला की तिथं कुणीतरी राहतंय असं वाटतं. येता-जाता पान-फूल ठेवतात, रान ओलांडू दे म्हणतात. कुंकवावर फूल आलं, फुलावर नारळ आला. पुढच्या खेपेला एक बाई तिथं उतरली आणि सवयीनं चिरा उचलायला वाकली, तर गाडीतली सगळी ओरडली, "अगे, देवाला हात लावतीस?" तिनं घाबरून हात जोडले. चिरा तिथंच राहिला. गाडी हलकी झाली आणि पुढची माणसं फाट्यापासून घरापर्यंत दात वाजवत गेली.

मी अण्णांना म्हटलं, "तुमचेच चिरे आहेत. तुम्ही उचला की."

"माजंच हुतं," ते म्हणाले. आणि चप्पल काढून नमस्कार केला. स्वतःच्या हातानं रचलेल्या ढिगाऱ्याला! त्या दिवशी मला वाटलं, माझी डिग्री मी ह्या तालुक्यात आणलीच कशाला.

गाडी जमली, आता अक्कांना न्यायचं, असं मात्र होत नव्हतं. परीक्षा बाकी होती. अण्णा मागच्या बाकावर ताकानं भरलेला तांब्या ठेवायचे आणि मोरीपर्यंत जाऊन यायचे. परत आल्यावर तांब्या अक्कांसमोर धरायचे. "बग, बोटभर बी सांडलं न्हाई."

"बोटभर सांडलंय."

"ते वळनावर. वळनाचा हिशेब येगळा."

मग पुन्हा जीप चिऱ्यांवर, पुन्हा पाय बाहेर. अक्कांची पाठ म्हणजे ताकाचा तांब्या नव्हे, हे त्यांना कुणी सांगावं?

अक्कांच्या माहेरी मोबाइलला रेंज नाही. त्यांचा भाचा म्हातारीचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा आणि वर टेकडीवर रेंजमध्ये जाऊन पाठवायचा. अक्कांना फोन चालवता यायचा नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात बसून तो लावून द्यायचे. म्हातारी नेहमी पाऊस, म्हैस, मिरच्या असलं काहीबाही बोलायची. एके दिवशी म्हणाली, "बाय, आता डोळ्यांम्होरं धुकं येतंय. मान्सं वळखू येत न्हाईत, नुस्ता आवाज. तुजं तोंड दिसंल तंवर येऊन जा गे."

अक्कांनी मला तो परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकताना दारात अण्णा उभे होते. हातात पाना. तसेच मागं वळले, आणि थोड्या वेळानं जीपखालून ठोकाठोकी ऐकू आली. त्यांचं उत्तर ते होतं.

भाचा स्वतः नवी छोटी कार घेऊन न्यायला आला. अण्णांनी आधी ती मागून दाबली. "बटाटा हाय," म्हणाले. "मोरीवर हिचं पोट फुटंल. माज्या बायकूला मी न्हेनार. आठ दिवसांत." असे आठ दिवस मी त्या घरात पुष्कळ पाहिले होते. भाचा जेवून, चिडून परत गेला. अक्का दारापर्यंत गेल्या आणि कार वळणाआड जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग माझ्यानं राहवलं नाही. मी जीपपाशी गेले आणि पायांना म्हणाले, "अण्णा, म्हातारीचे डोळे जायच्या आधी तुमचे पाटे होणार आहेत का? नसतील होत तर तसं सांगा."

जीपखाली पाना वाजत राहिला.

"रविवारी मी अक्कांना बसनं नेते," मी म्हणाले आणि आत जाऊन अक्कांनाही तेच सांगितलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून झटकली.

रविवारी बसमध्ये अक्का ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या आणि धाकट्या भावाला सांगावं तसं त्याला म्हणाल्या, "तम्मा, पाठीचं दुखनं हाय. खड्ड्यात जरा संबाळ हं."

"बसा वो अक्का. अंडी भरल्यात समजून न्हेतो."

आणि त्यानं नेलं. खड्डा आला की गिअर उतरवायचा, चाक कडेनं घालायचा. त्यानं कुठला पाटा बदलला नव्हता, कशाला तेल चोपडलं नव्हतं. मी अक्कांकडे बघत होते. दांडी घट्ट धरलेले त्यांचे हात हळूहळू सैल झाले. मागून मात्र कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "कोन बोंबलतंय गा मागनं? जीपमदी दगडं भरून चाललंय येडं."

"आमचंच मानूस हाय," अक्का म्हणाल्या. "येऊ दे मागनं."

फाट्यावर बस गेली आणि आम्ही उरलो: अक्का, मी, कुंकू लावलेला चिऱ्यांचा देव आणि चिऱ्यांनी भरलेली जीप. अक्कांनी देवाला हात जोडले, पिशवी काखेला मारली आणि चालायला लागल्या. अण्णा जीप शेजारून चालवत म्हणाले, "बस की गं."

"न्हाई."

"पाटं चांगलं झाल्यात आता. ताक..."

"ताकाला न्हेऊन सोडा माज्या आईकडं. मी येत्ये चालत."

त्या पुढं, मी त्यांच्याबरोबर, आणि मागं पहिल्या गिअरमध्ये घरघरणारी जीप. वाट उताराची होती तोवर जमलं. ओहोळ ओलांडून चढ लागला आणि अक्का थांबल्या. एका झाडाला हात लावून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. घर अजून दिसतही नव्हतं. मी त्यांना धरलं, पण धरून मी त्यांना किती वर नेणार होते?

जीप बंद झाली. अण्णा उतरून आले. मला वाटलं, आता पाट्यांवर भाषण होणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते अक्कांच्या पाठीकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "हळू चालिवतो."

एवढे दिवस मी त्या घरात राहिले, पण हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"किती हळू?" अक्कांनी विचारलं.

"तू चालत हुतीस तेवडं."

 अक्कांनी पिशवी त्यांच्या हातात दिली.

आता शहाणा माणूस असता तर त्यानं बायकोला बसवून गाडी सुरू केली असती. अण्णा मागं गेले आणि चिरे उतरवायला लागले. "तुजं दोन काडाय पायजेत."

"दोन?" अक्का त्या अवस्थेतही म्हणाल्या. "एकच काडा. वाळून गेल्ये मी तुमच्या घरात."

त्यांनी एक काढला. अक्का पुढं, त्यांच्या शेजारी बसल्या. मला जागा होती, पण माझ्यासाठी कोण दगड उतरवणार! मी पुढं चालत राहिले. त्या सबंध चढावर जीप माझ्या मागं होती, आणि मला एकदाही बाजूला व्हावं लागलं नाही.

म्हातारी पडवीत बसली होती. अक्का तिच्यापुढं गुडघ्यावर बसल्या. म्हातारीनं त्यांचं तोंड दोन्ही हातांनी उजेडाकडं वळवलं, अगदी जवळ घेऊन बघितलं. "वाळलीस गे," म्हणाली. दिसत होतं अजून. मग तिचा हात मागं पाठीवर गेला आणि तिथंच फिरत राहिला. मी तोंड धुवायला विहिरीवर गेले.

परत येते तो अंगणात चार माणसं जमवून अण्णा जीपचा मागचा भाग दाबत होते. "बगितलासा? लॉरीचं पाटं! बायकू बसून आली, पोटातलं पानी हाललं न्हाई." मला बघून म्हणाले, "इचारा आमच्या टीचरना. बीएस्सी हायत."

मी म्हणाले, "मी चालत आले." माणसं हसली. अण्णाही हसले, त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर अक्का दर महिन्याला माहेरी जायला लागल्या, कधी बसनं, कधी जीपनं, मनाला येईल तसं. जीप त्यांच्या चालीनंच जायची. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कंटाळायच्या आणि पुढं निघून जायच्या. अण्णा विचारणाऱ्याला सांगायचे, पाटे बसायला वेळ लागतो, सावकाश न्यावी लागते. अजूनही तेच सांगतात. मी ती खोली सोडली, पण तालुका सोडलेला नाही. भेटतात, आणि भेटले की पाट्यांचीच कथा. मी ऐकून घेत नाही.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. माहेराहून परत आलो त्याच आठवड्यात पडवीच्या खांबावरचा मोडका पाटा दिसेनासा झाला. मी विचारलं, "अण्णा, पाटा कुठं गेला?"

"गंजला हुता. भंगारात घातला."

रोज खोबरेल तेलानं पुसलेलं पोलाद गंजत नाही. मी तसं म्हणणार होते. पण ते तोवर गाडीखाली गेले होते, आणि पायांशी वाद घालायची माझी इच्छा नव्हती.

खिळा तसाच राहिला. त्याला आता अक्कांची पिशवी असते.